शेवटची गाडी

मोटारसायकलींचा ताफा डोंगरात निघतो तेव्हा माझी गाडी सगळ्यांत शेवटी असते. अहिल्यानगर शहरात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. बुलेटच्या कामात हात बसला, गिऱ्हाइकांना लडाखचे वेध लागले आणि "मिस्त्री, तुम्ही बरोबर असलात तर घरचे सोडतील," असं म्हणत त्यांनी मला सोबत नेलं. मग दर वर्षी बोलावणं येत राहिलं. मिस्त्रीनं मागं का राहायचं, याचा हिशेब साधा आहे. ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यापर्यंत मागून येणारा आपोआप पोचतो.

पुढच्या गाडीवाल्याला रस्ता दिसतो, मागच्याला माणसं दिसतात. कुणाचा ब्रेकचा दिवा सारखा लागतोय, कुणाचा पाय वळणावर खाली येतोय, चहाला थांबल्यावर कुणाला साइड स्टँड लावायला दोनदा पाय मारावा लागतोय, हेल्मेटचा पट्टा सोडताना कुणाची बोटं चाचपडतायत. सपाट रस्त्यावर या गोष्टींना काही किंमत नसते. बर्फात त्यांच्यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की ताफा थांबवायचा आणि वेळ पडली तर परत फिरवायचा अधिकार शेवटच्या गाडीकडे हवा. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या जिल्ह्याला डोंगर नवा नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आमच्याच अकोले तालुक्यात आहे. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या रस्त्यांवर भर पावसात गाड्या चालवून आमची मुलं तयार होतात. शेवाळलेलं वळण, समोरचं काही दिसू न देणारं धुकं, आडवा पाऊस यांना ती बिचकत नाहीत. पण कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि मनाली गावच दोन हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणजे जिथे आमच्याकडचा सगळ्यांत उंच डोंगर संपतो, त्याच्याही वर लडाखचा प्रवास सुरू होतो. पुढच्या खिंडी म्हणजे रोहतांग ३,९७८ मीटर, बारालाचा ४,९०० च्या जवळ, तांगलांग ला पाच हजारांच्या वर. घाटघरला गाडी आडवी झाली तर माणूस उठतो, चिखल झटकतो आणि निघतो. बारालाचावर तीच गाडी उभी करताना छाती भात्यासारखी वरखाली होते आणि पुढची पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटत नाही. पावसातल्या सरावानं हात तयार होतात, फुप्फुसांची तयारी त्यातून होत नाही.

गाडीचंही तसंच. बारालाचाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर असतो. कार्बोरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा तिथे पोचेपर्यंत मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी व्हायची. सायलेन्सरमधून काळा धूर यायचा, प्लग काजळून जायचा आणि चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येही रडायची. माझा निम्मा वेळ प्लग पुसण्यात आणि स्क्रू फिरवण्यात जायचा. इंजेक्शनच्या गाड्या आल्यापासून हे काम पुष्कळ कमी झालं, कारण त्या हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल बेतून सोडतात. तरी बर्फात गाडीला जे होतं ते होतंच. थंडीनं बॅटरीचा जोर कमी होतो. क्लचच्या केबलमध्ये पाणी शिरून रात्री गोठतं. बर्फाच्या चिखलात अर्ध्या क्लचवर गाडी रेटत राहिलं की क्लच प्लेटा जळतात, आणि तो वास एकदा आला की त्या गाडीचा प्रवास बहुतेक तिथेच संपतो. म्हणून निघायच्या आधी मी सगळ्यांना तेच ते सांगतो. पहिला गिअर, एकसारखा वेग, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही आणि गाडी रुतली तर इंजिन ओरडवत बसायचं नाही. सरळ उतरायचं, दोघांना बोलवायचं, ढकलून काढायची.

बर्फही एका जातीचा नसतो. ताजा, भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात बरा, चाक त्यात वाट काढतं. ट्रकांनी दाबून घट्ट केलेला बर्फ वाईट. सगळ्यांत वाईट म्हणजे सकाळचा काळा बर्फ. रात्री रस्त्यावरचं पाणी गोठून त्याचा पातळ पापुद्रा होतो, वरून ओल्या डांबरासारखाच दिसतो आणि चाक त्यावर गेलं की काही करायला वेळ उरत नाही. त्यामुळे फार पहाटे निघायचं नाही. पण फार उशिराही निघता येत नाही. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याइतकं पाणी असलेले नाले मांडीपर्यंत वाहू लागतात. ऊन पडल्यानंतरची आणि नाले फुगण्याआधीची, ही मधली वेळ साधावी लागते.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यानंतर आमचा कारभार बदलला. जूनचा महिना होता. रस्ता नुकताच उघडलेला, बारालाचाच्या आसपास दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. चढाला लागलो तेव्हा आभाळ मोकळं होतं. सूरजताल सरोवराच्या अलीकडे वारा सुटला आणि बर्फाचे कण काचेवर आपटू लागले. काच खाली घेतली की वाफ धरते, वर केली की डोळ्यांत सुया टोचतात. पुढच्या गाड्या दमदार होत्या. त्यांनी खिंड ओलांडली आणि उतरून भरतपूरच्या तंबूत जाऊन बसल्या. मागे राहिलो मी आणि आमच्यातले एक सर. माध्यमिक शाळेतले शिक्षक, गाडी सांभाळून चालवणारे. ते पडले, उठले, थोडं पुढे गेले, पुन्हा पडले. चौथ्यांदा का पाचव्यांदा उठवताना मी त्यांचे हातमोजे पाहिले. आतून पाणी निथळत होतं.

"सर, थंडी वाजतेय का?" मी विचारलं. "आता नाही वाजत," ते म्हणाले. याच उत्तरानं माझ्या पोटात गोळा आला. कुडकुडणारा माणूस ठीक असतो. ओल्या कपड्यांत कुडकुडणं थांबलं की समजायचं, शरीर हार मानायला लागलंय. मी त्यांच्या मुलीचं नाव विचारलं. ते सांगायला त्यांना नको इतका वेळ लागला आणि शब्द जड आले. मी दोन्ही गाड्या कडेला लावल्या. त्यांचे मोजे आणि हातमोजे काढले, कोरडे चढवले, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. हात त्यांच्याच काखेत धरायला लावले. अशा वेळी लोक गार पडलेली बोटं गरम सायलेन्सरला लावतात. ते कधीही करू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि ती भाजून निघते. खिशात गूळ-शेंगदाणे होते, ते भरवले. खाली दारचाकडे जाणारा एक ट्रक आला, त्याच्या केबिनमध्ये सरांना बसवलं आणि मी मागोमाग उतरलो. उंची कमी झाली, केबिनमध्ये ऊब मिळाली, दारचाला पोचेपर्यंत सर नीट बोलायला लागले होते.

तिकडे भरतपूरला बाकीचे दोन तास वाट पाहत होते. फोनला रेंज नाही. शेवटी त्यांच्यातले तिघं आम्हाला शोधायला उलटे खिंडीवर चढले, तेही संध्याकाळी, रस्ता पुन्हा गोठायला लागल्यावर. त्या रात्री आमचा ताफा खिंडीच्या दोन्ही बाजूंना फाटून पडला होता आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या काळजीनं जागी होती. सुदैवानं सगळे सुखरूप भेटले. पण पुढच्या वेळी सुदैवावर विसंबायचं नाही, हे त्याच मुक्कामात ठरलं.

नियम असा केला: प्रत्येकानं आरशात आपल्या मागची गाडी पाहायची. वळण घेतल्यावर ती दिसली नाही तर तिथेच थांबायचं. त्यामुळे सर्वांत मागचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, आणि काही मिनिटांत पहिली गाडीही थांबते. ना फोन लागतो, ना वॉकीटॉकी. आणि दुसरा नियम, शेवटची गाडी "आज नाही" म्हणाली की विषय संपला. वाद घालायचा तर तो चहा पिताना, गाडी बंद ठेवून.

या दुसऱ्या नियमाची खरी परीक्षा सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. गौरी-गणपतीचं विसर्जन करून आम्ही झेलम एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत गेलो. गाड्या पार्सलनं आधीच पुढे गेल्या होत्या. मनाली, रोहतांग करून लाहौलमधल्या जिस्पा गावी मुक्काम केला. २२ तारखेला सकाळी उठलो तर जिस्पाला पाऊस आणि वरचे डोंगर पांढरे. वरून उतरणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्यांवर बर्फाचा जाड थर होता. त्या दिवशीचा आमचा मुक्काम सरचूला ठरलेला होता.

"मिस्त्री, तीन-चार तासांचं काम आहे. सरचू गाठलं की उद्या लेह," एक जण म्हणाला. दुसऱ्याची बँकेतली रजा मोजकी होती. तिसऱ्यानं या प्रवासासाठी वर्षभर पैसे साठवले होते. यातलं काहीच खोटं नव्हतं. मी म्हटलं, आज गाड्या निघणार नाहीत, आणि कारणं सांगितली. सरचू जिस्पापेक्षा हजारभर मीटर उंच आहे. तिथे कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर त्यावरचा खरा इलाज एकच, खाली उतरणं. पुढे किंवा मागे, कुठेही जायचं झालं तरी आधी खिंड चढावी लागणार. ती बर्फानं बंद झाली की उतरायला वाटच नाही. तंबूत राहायचं, तेही सप्टेंबरच्या शेवटी, जेव्हा तंबूवाले आवरून निघायच्या बेतात असतात. पेट्रोलचं बघा: त्या काळी वाटेतल्या तांडीच्या पंपावरच पाटी होती की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आमच्या डब्यांमधलं पेट्रोल पुढे जायला पुरणारं होतं, मध्येच परत फिरून पुन्हा वर जायला नाही. अडकायचंच असेल तर कुठे अडकायचं एवढं तरी आपल्या हातात आहे, असं मी म्हणालो. लोक नाराज झाले. पण हेल्मेटं खोलीत परत गेली.

दुपारी जिस्पालाही बर्फ सुरू झाला तो पुढचे दोन दिवस थांबला नाही. हे नंतर सगळ्या देशाच्या बातम्यांत आलं. लाहौल-स्पितीत ऐन सप्टेंबरमध्ये इतका बर्फ पडला की शेकडो प्रवासी जागोजागी अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मदतीला आणावी लागली. लाहौलची भौगोलिक अडचण तेव्हा आम्हाला नीट कळली. वर बारालाचा बंद, स्पितीकडे कुंझुम बंद, मनालीकडे रोहतांग बंद. रोहतांगखालचा बोगदा तेव्हा वाहतुकीला खुला झालेला नव्हता. खाली कुल्लू-मनालीत बियास नदीला पूर आलेला. अख्खं खोरंच कुलूपबंद झालं होतं.

ज्या घरात उतरलो होतो त्याचं छप्पर तिकडच्या पद्धतीचं, सपाट आणि मातीचं. त्यावर बर्फ साचू दिला तर वजनानं घर धोक्यात येतं आणि वितळायला लागला की पाणी आत झिरपतं. घरमालक काका लाकडी फावडं घेऊन वर चढले, तसे आमचे लोकही चढले. पाच-सहा फावडी बर्फ टाकला की आमची माणसं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. काका मात्र साठीच्या पुढचे असूनही एका लयीत, न थांबता काम करत होते. त्यांना घाई नव्हती. आमचे तरुण ज्या जोरानं सुरुवात करत त्याच्या निम्म्या जोरानं ते काम करत, आणि दिवसअखेर सगळ्यांत जास्त छप्पर त्यांनीच साफ केलेलं असे. बर्फात गाडी कशी चालवावी याचा याहून चांगला धडा मी कुठे पाहिला नाही.

२३ तारखेला अनंत चतुर्दशी होती. नगरला मिरवणूक निघाली असणार, या विचारानं सगळे गप्प झाले होते. संध्याकाळी एकानं मोबाईलमधला गणपतीचा फोटो उभा केला आणि ताटावर चमचा वाजवत आरती झाली. काकूंनी वाटीभर साखर आणून ठेवली. वीज गेलेली, मधोमध तंदूर पेटलेला, त्याच्याभोवती ओले मोजे वाळत घातलेले. रोज सकाळी मी गाड्यांवरचा बर्फ झाडायचो, स्टँडखालचे दगड सरकलेत का पाहायचो. बॅटऱ्या काढून खोलीत आणून ठेवल्या होत्या. निघायची वेळ आली तेव्हा सगळ्या गाड्या पहिल्या काही प्रयत्नांत सुरू झाल्या.

घरच्यांची काळजी ही वेगळी गोष्ट. बातम्यांत हेलिकॉप्टर दिसतंय आणि फोन लागत नाहीये, अशा वेळी घरी काय होतं ते घरच्यांनाच विचारावं. तेव्हापासून आम्ही नगरमध्ये एक माणूस ठरवून ठेवतो. कोणत्या रात्री कुठे मुक्काम आहे याचा कागद त्याच्याकडे असतो. रेंज मिळाली की एकच फोन त्याला, आणि तो सगळ्या घरी कळवतो. दोन दिवस फोन आला नाही तर घाबरायचं नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवतो.

सीमा सडक संघटनेच्या यंत्रांनी रस्ता मोकळा केल्यावर आम्ही केलाँगकडे उतरलो. वाटेत सफरचंदाच्या बागा होत्या. झाडांवर पानं आणि फळं तशीच होती, त्यावर बर्फाचं ओझं पडलं, आणि फांद्या खोडापासून चिरल्या होत्या. आमच्यात संगमनेरकडचा एक डाळिंब बागायतदार होता. त्यानं गाडी थांबवली आणि कुंपणाजवळ जाऊन एका चिरलेल्या फांदीवरून हात फिरवला. बागेचा मालक तिथेच उभा होता. "आमच्याकडे गारपिटीत असंच होतं," आमचा बागायतदार मोडक्या हिंदीत म्हणाला. फांदी सुतळीनं आवळून बांधायची, जखमेवर बोर्डो पेस्ट लावायची, यावर दोघांचं बोलणं झालं. मालकालाही ते माहीत होतं. तरी दोघं पंधरा-वीस मिनिटं बोलत राहिले. मी आरशात पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत होतो. आमचा लेहचा बेत फिसकटला होता, पण त्याबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही. त्या माणसाचं वर्षाचं पीक गेलं होतं.

नगर हे लष्कराचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे आहे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे आहे, आणि माझ्या गॅरेजात निवृत्त फौजी नेहमी येतात. त्यांच्यातल्या एका सुभेदार साहेबांना मी जिस्पाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी झोजिलाची लढाई काढली. १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांनी झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. इतक्या उंचावर रणगाडे येतील हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हतं. ही चढाई आधीच व्हायची होती. हवामानामुळे ती पुढे ढकलावी लागली आणि अखेर १ नोव्हेंबरला झाली. "तिकडे कारगिल-लेहचा प्रश्न होता, तरी फौज थांबली. तुम्हाला कसली घाई?" साहेब म्हणाले. आता निघण्याआधीच्या बैठकीत मी ही गोष्ट दर वेळी सांगतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा हा बोगदा पार केला की रोहतांग न चढता थेट लाहौल. तिथल्या लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, हिवाळ्यात त्यांचा जगाशी संबंध पूर्वीसारखा तुटत नाही. पण आपल्यासारख्यांसाठी त्यात एक धोका आहे. पूर्वी रोहतांगच शरीराला सावध करायचा आणि दिवस खायचा, त्यामुळे जिस्पा किंवा केलाँगला मुक्काम होतच असे. आता लोक सकाळी मनालीहून निघतात आणि त्याच दिवशी सरचू गाठतात. दोन हजार मीटरवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री चार हजारांच्या वर झोपतो आणि मध्यरात्री डोकं धरून बसतो. बोगद्यानं रोहतांग टळला, बारालाचा जिथल्या तिथे आहे. आणि बर्फाला महिन्याचं बंधन नाही. जुलै २०२३ मध्ये चंद्रताल सरोवराजवळ सुमारे तीनशे लोक बर्फात अडकले होते, कुंझुमच्या बाजूनं बर्फ हटवून त्यांना बाहेर काढावं लागलं. जुलैत, जेव्हा आपल्याकडे पेरण्या चालू असतात.

रस्ता मोकळा करणारी माणसंही मला विसरता येत नाहीत. त्यांतले कितीतरी झारखंडच्या दुमका भागातून आलेले मजूर असतात. गमबूट, डोक्याला गुंडाळलेला कपडा, हातात फावडं. आपण त्यांच्या बाजूनं हॉर्न देत जातो. आमच्या ताफ्यात आता प्रत्येकाच्या बॅगेत लोकरी हातमोज्यांचा एक जादा जोड असतो, तो त्यांना देण्यासाठी.

यंदाही जिल्ह्यातून कितीतरी मुलं निघतील. बेत आखताना दोन दिवस रिकामे ठेवा आणि ते कुठल्याही ठिकाणाच्या नावे लावू नका, ते हवामानाचे आहेत. पहिले दोन मुक्काम कमी उंचीवर करा. सुती कपडे घरी ठेवा, ओले झाले की ते अंगावर वाळत नाहीत. कोरडे मोजे आणि हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवा. वरून येणाऱ्या ट्रकवाल्याला दोन मिनिटं थांबवून रस्त्याचं विचारा, त्याचं ऐका. आणि ताफ्यातला सगळ्यांत शांत, सगळ्यांत अनुभवी माणूस पुढे न ठेवता मागे ठेवा. त्यानं "आज नाही" म्हटलं तर गाडीची किल्ली काढा. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे, तुम्हीही असायला हवं.